वही मिटल्यानंतर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दहावीच्या परीक्षेचे वेळापत्रक हाती पडले की घराघरांतली हवा बदलते. टीव्हीचा आवाज कमी होतो, पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर या’ असे सांगितले जाते. आईच्या तोंडी दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न असतो, ‘झाली का रे उजळणी?’ आणि आतल्या खोलीतून उत्तर येते, ‘हो, दोनदा वाचून झालं.’ आज मला या प्रश्नाविषयी आणि या उत्तराविषयी बोलायचे आहे. उजळणी म्हणजे दोनदा वाचणे, असे मीही अनेक वर्षे समजत होतो. मी शिक्षक होतो, त्यामुळे माझ्या गैरसमजाची किंमत मला नाही, माझ्या विद्यार्थ्यांना मोजावी लागली.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बत्तीस वर्षे विज्ञान आणि गणित शिकवले. 1994-95 साली दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव सांगत नाही. तिची वही मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. तांबड्या शाईचा समास, हिरव्या शाईची शीर्षके, मोत्यांसारखे अक्षर. मी फळ्याजवळ उभा राहून नोट्स सांगायचो आणि ती एकही शब्द न गाळता उतरवून घ्यायची. घरी जाऊन तेच पुन्हा पक्क्या वहीत लिहायची. ती वही मी नववीच्या वर्गात नेऊन दाखवत असे. ‘नोट्स अशा हव्यात,’ असे सांगत असे.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. या मुलीला विज्ञानात आणि गणितात उत्तीर्ण होण्यापुरतेही गुण नव्हते. दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. ते एस.टी.त वाहक होते, ड्यूटी संपवून खाकी गणवेशातच आले होते. त्यांनी ती वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “सर, पोरगी रात्री बारा-बारापर्यंत लिहीत बसती. ह्या वहीत काय कमी हाय तेवढं सांगा.”

मी पाने उलटली. काहीच कमी नव्हते. सगळे माझेच शब्द होते. मग मी मुलीला बोलावले, वही मिटली आणि विचारले, “प्रकाशाचे अपवर्तन म्हणजे काय गं?” पहिले वाक्य तिने धडाधड म्हटले. मी विचारले, “हवेतून काचेत शिरताना किरण वळतो तो का?” ती गप्प झाली. तिची नजर टेबलावरच्या मिटलेल्या वहीकडे गेली. उत्तर त्या वहीत होते. तिच्याजवळ नव्हते.

वडील शांतपणे म्हणाले, “सर, यंदा सुटली तर शिकवीन. नाय सुटली तर घरात बाकीची मंडळी ऐकायची न्हाईत.” याचा अर्थ त्या काळी आमच्या भागात कुणालाही समजावून सांगावा लागत नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी सांगत होतो, ती लिहीत होती, आणि या दोन्हींच्या मध्ये विचार कुणीच करत नव्हते. अभ्यासक्रम डिसेंबरपर्यंत संपवायचा म्हणून मी तयार नोट्स देत होतो. मुलांना वाटत होते की नोट्स पूर्ण झाल्या म्हणजे अभ्यास झाला. तसे वाटायला मीच तर शिकवले होते.

पहाटे मला माझी आजी आठवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण दिवेलागणीला आम्हा भावंडांना ओसरीवर बसवून ती परवचा म्हणवून घ्यायची. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, सगळे. हातात पुस्तक नाही, पाटी नाही. आम्ही एका सुरात म्हणत असलो की ती मध्येच थांबवायची आणि एकाकडे बोट करून विचारायची, ‘सतरा नव्वे किती?’ जो अडला त्याने तो पाढा उद्या पहिल्यांदा म्हणायचा. तिला उत्तरे ऐकून-ऐकून पाठ होती. उजळणी हा शब्द तिच्या लेखी याच गोष्टीसाठी होता. अंकलिपी-पाढ्यांच्या पुस्तकालाही आपल्याकडे ‘उजळणी’च म्हणत. शब्दाच्या मुळाशी उजळणे आहे, पितळेचा तांब्या चिंचेने घासून उजळतात तसे. तांब्याकडे नुसते पाहून तो उजळत नाही. घासावा लागतो. आणि एकदा घासून भागत नाही, काही दिवसांनी पुन्हा घासावा लागतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या मुलीपुरती पद्धत बदलली. कशी, ते पुढे सांगतो. आधी, ही आजीची रीत का चालते हे मला निवृत्तीनंतर वाचनातून कळले, ते थोडक्यात सांगतो.

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची आणि काही वेळाने तीच पुन्हा पाठ करायला किती श्रम पडतात ते मोजायचे. तासाभरानंतर निम्म्याहून अधिक श्रम पुन्हा करावे लागत, एका दिवसानंतर जवळजवळ दोन तृतीयांश. त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग मंदावे. अर्थ समजून शिकलेली गोष्ट इतक्या लवकर पुसली जात नाही हे खरे. पण विसरणे सुरुवातीलाच सर्वांत जास्त होते, हा धडा आपल्यालाही लागू आहे. म्हणून आज शिकलेल्याची पहिली उजळणी सहामाहीच्या आदल्या दिवशी करून चालत नाही, ती उद्याच व्हायला हवी.

दुसरा प्रयोग 1939 सालचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर यांनी सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांना उतारे वाचायला दिले. एक उतारा बांबूविषयी होता. काही मुलांची त्यावर लगेच छोटी चाचणी घेतली, काहींची बऱ्याच दिवसांनी. ज्यांना वाचनानंतर लवकर प्रश्न विचारले गेले, त्यांना पुढे कित्येक दिवसांनी जास्त आठवले. चाचणी हे केवळ मोजण्याचे माप नाही, ती शिकण्याचेही साधन आहे, हे त्यातून दिसले.

तिसरा प्रयोग तर आपल्या मुलांसाठीच केला असावा असा आहे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. पण एका आठवड्यानंतर चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवले, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. म्हणजे वाचणाऱ्याला त्या क्षणी ‘मला येते’ असे वाटते आणि ते खोटेही नसते. फक्त ते टिकत नाही.

याचे कारण साधे आहे. ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. एस.टी. स्टँडवर रोज दिसणारा माणूस आपण लगेच ओळखतो, पण त्याचे नाव विचारले तर तोंडावर येत नाही. वही पुन्हा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. परीक्षेत मात्र ओळखायचे नसते, कोऱ्या कागदावर आठवून लिहायचे असते. ज्या कामाची परीक्षा आहे त्या कामाचा सराव आपण करतच नाही.

आता त्या मुलीकडे वळू. तिच्या सुंदर वह्या आम्ही कपाटात ठेवल्या आणि पाठकोरे कागद काढले. जुन्या पत्रिका, हँडबिले, शाळेतले वाया गेलेले कागद. एका बाजूला प्रश्न लिहायचा, कागद उलटायचा, उत्तर आठवून म्हणायचे, मगच वही उघडून ताडून पाहायचे. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात तीन कप्पे केले. नवे आणि चुकलेले प्रश्न पहिल्या कप्प्यात, ते रोज विचारायचे. बरोबर आलेले दुसऱ्यात, ते तीन दिवसांनी. तिथेही बरोबर आले की तिसऱ्यात, ते आठवड्याने. चुकला की प्रश्न पुन्हा पहिल्या कप्प्यात. पुढे मला कळले की सेबास्टियन लाइटनर या लेखकाने 1972 साली जर्मनीत अशीच कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली होती. आम्ही आपले आजीच्या ‘उद्या पहिल्यांदा म्हण’वरून केले होते.

प्रश्न विचारायचे कुणी? हे काम तिच्या वडिलांनी घेतले. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. रात्री जेवताना डाव्या हातात कागद धरून प्रश्न वाचायचे. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळत नसे, पण मुलगी अडखळली की ते लगेच कळे. ते म्हणायचे, “ही अडली, हा कागद खालच्या कप्प्यात.” पालकहो, हे मी मुद्दाम सांगतो आहे. मुलाचा अभ्यास घ्यायला विषय यावा लागत नाही. वही हातात घेऊन ‘हे मला समजावून सांग’ एवढे म्हणता यावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्या विषयांना एकच औषध कसे चालेल? बरोबर आहे. आठवून लिहिणे सगळीकडे हवे, पण काय आठवायचे ते विषयागणिक बदलते.

गणितात सोडवलेल्या उदाहरणांची वही म्हणजे नोट्स नव्हेत. सोडवलेले गणित वाचताना सोपेच वाटते. गणिताची खरी वही चुकांची असते. पानाचे दोन भाग करा. डावीकडे मी काय केले, उजवीकडे कुठे घसरलो. ‘कंस सोडवताना ऋण चिन्ह विसरलो’, ‘विवेचक ऋण निघाला तरी वास्तव मुळे काढत बसलो’. महिन्याभरात दिसेल की आपल्या चुका शंभर नसतात, चार-पाचच असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा होतात. दुसरे असे की, एकाच प्रकरणाची वीस गणिते ओळीने सोडवू नका. वर्गसमीकरणाचे एक, अंकगणिती श्रेढीचे एक, संभाव्यतेचे एक, असे मिसळून घ्या. प्रकरण माहीत असले की रीत आपोआप सुचते. कोणती रीत लावायची हे ओळखणे, हाच तर परीक्षेतला अर्धा प्रश्न असतो. भूमितीत प्रमेय पाठ करण्याआधी आकृती न बघता काढा, मग पक्ष, साध्य, सिद्धता. आकृती चुकली तर पुढचे पाठांतर निराधार लटकते.

विज्ञानात प्रत्येक व्याख्येखाली एक ‘का’ लिहा. काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून तिरपा आलेला किरण स्तंभिकेकडे वळतो. मग तेच घरी पाहा. वाटीत नाणे ठेवा, ते काठाआड दिसेनासे होईल इतके मागे सरका आणि कुणाला तरी वाटीत हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणे पुन्हा दिसू लागते. आता पाण्यातून हवेत येणारा किरण कुठे वळला, ते कागदावर काढा. हा प्रयोग केलेले मूल अपवर्तन विसरत नाही. आकृत्यांचे तसेच आहे. हृदयाची किंवा भिंगाची आकृती पाहून दहा वेळा काढण्यापेक्षा न पाहता तीनदा काढा आणि नावे देताना कुठे अडलात ते लाल शाईने लिहा.

इतिहासात सनावळ्यांची भीती असते. सन हे खुंट्या आहेत, त्यांना अडकवायची गोष्ट महत्त्वाची. ‘म्हणून’ आणि ‘पण’ हे दोन शब्द वापरून गोष्ट सांगून पाहा. 1919 साली रौलट कायदा आला, म्हणून देशभर निषेध झाला. त्याच वर्षी जालियनवाला बागेत गोळीबार झाला, म्हणून संताप वाढला आणि 1920 साली असहकार चळवळ उभी राहिली. पण 1922 साली चौरीचौऱ्याला हिंसा झाली, म्हणून गांधीजींनी ती मागे घेतली. तीन सन, एक साखळी. एक कडी आठवली की पुढची ओढली जाते.

भूगोलाची वही म्हणजे नकाशा. सह्याद्रीची रेघ न पाहता काढा. पश्चिमेला कोकण, पूर्वेला पठार. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येऊन सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो. त्याच साताऱ्याच्या पूर्वेला आमचा माण तालुका कोरडा राहतो. पर्जन्यछाया हा शब्द आमच्या मुलांनी पाठ करायची गरजच नव्हती, ती त्या छायेत राहत होती. कोकणातल्या नद्या आखूड का आणि त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी बंगालच्या उपसागरापर्यंत का जाते, हेही त्याच नकाशावरून सांगता येते. 2018 साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. तिथे दोन रकाने करा, एक झाका आणि दुसऱ्यावरून तो आठवा.

भाषांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका तयार निबंधांचा. आमच्या एका विद्यार्थ्याने ‘माझे गाव’ या विषयावर गाईडमधला निबंध जसाच्या तसा लिहिला होता. माणदेशातल्या त्या मुलाच्या गावाला समुद्रकिनारा होता आणि नारळी-पोफळीच्या बागा होत्या! आम्ही शिक्षक हसलो, पण नंतर वाईट वाटले. ज्या गावात तो जन्मला त्याविषयी चार ओळी लिहायचा धीर आपण त्याला दिला नव्हता. निबंध पाठ करू नका, मुद्दे काढायचा सराव करा. व्याकरणात समास किंवा अलंकार पाठ झाला की त्याचे उदाहरण आजच्या वर्तमानपत्रात शोधा. इंग्रजीचा नवा शब्द नुसत्या अर्थासह लिहू नका, स्वतःच्या घरातले, गावातले एक वाक्य त्याच्यासोबत लिहा.

2013 साली डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे, या दोनच पद्धती त्यांनी सर्वांत उपयुक्त ठरवल्या. ओळींखाली रेघा मारणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे फारसे उपयोगी नाही, असे त्यांना आढळले. रंगीत पेनांचा खप त्यामुळे कमी होईल असे नाही. रंग वापरायला हरकतही नाही. फक्त रंगवणे म्हणजे अभ्यास असे समजू नये. आता तर उतरवून घेण्याचेही कष्ट राहिले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर नोट्सचे फोटो येतात, मुले ते साठवून ठेवतात आणि अभ्यास खिशात असल्याचे समाधान मानतात. निदान माझ्या विद्यार्थिनीचा हात तरी दुखत होता.

मग नोट्स काढूच नयेत का? जरूर काढाव्यात, पण स्वतःच्या. धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते आपल्या शब्दांत लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या शाईने भरा. ती वेगळी शाई म्हणजे तुमच्या अभ्यासाचा आरसा. दुसऱ्या दिवशी पहिली उजळणी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. दर वेळी वेळ कमी लागेल. आणि रात्री झोपा. जागरणाने मिळवलेले दोन तास सकाळच्या पेपरात पेंगत परत द्यावे लागतात.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे ऐकायला तुम्ही थांबला असाल. मार्च 1995 च्या परीक्षेत ती विज्ञानात चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, इतर विषयही सुटले. गणित राहिले. आमच्या हाती सात आठवडे होते, त्यांतले चार मी विज्ञानात घालवले आणि गणिताकडे वळायला मला उशीर झाला. तिचे ते वर्ष गेले. तो हिशेब माझ्या नावावर आहे आणि तो मी कुणाच्या खात्यावर टाकत नाही. तिच्या वडिलांनी मात्र घरच्यांचे ऐकले नाही. निकालाच्या दिवशी ते एवढेच म्हणाले, “सर, अडली कुठं ते आता मला कळतंय. आक्टोबरला बसवू.” उन्हाळाभर खोक्यात गणिताचे कागद होते. ऑक्टोबरच्या परीक्षेत ती सुटली. पुढे तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी वर्गात तयार नोट्स सांगितल्या नाहीत. तासाची शेवटची सात मिनिटे वह्या बंद करून ‘आज काय झाले ते लिहा’ असे सांगू लागलो. सुरुवातीला पालकांनी तक्रार केली की सर काही लिहून देत नाहीत. अभ्यासक्रमही काही वर्षी रेंगाळला. पण मुलांना निदान एवढे कळू लागले की आपल्याला काय येत नाही. अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते.

काही वर्षांपूर्वी ती मला साताऱ्यात भेटली. तिचा मुलगा आता नववीत असल्याचे सांगत होती. मी विचारले, “अक्षर तुझ्यासारखं आहे का त्याचं?” ती हसून म्हणाली, “नाही हो सर, कोंबडीचे पाय! पण मी रोज रात्री वही मिटून विचारते.”

श्रोतेहो, आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला ‘किती वाचलंस’ असे विचारू नका. वही आपल्या हातात घ्या, मिटा आणि म्हणा, ‘आज शिकलास त्यातलं एक मला सांग.’ अडले तर रागावू नका. अडले तिथे एक खूण करा आणि उद्या पुन्हा तेच विचारा.